खाज थांबली म्हणजे बुरशी गेली का?

पावसाळी सत्रात कोणत्याही हाउसमधले चार लॉकर उघडून पाहा. पॉलिशची डबी, ब्रासो, सुई-दोरा, घरून आलेला चिवडा आणि कुठेतरी कोपऱ्यात अर्धी पिळलेली मलमाची नळी. ही नळी बहुधा कोणा एकाची राहिलेली नसते. सुट्टीवरून परतताना कोणीतरी गावातल्या मेडिकलमधून ती आणलेली असते आणि सत्र संपेपर्यंत ती निम्म्या डॉर्मिटरीत फिरून येते. जांघेत खाज सुटली, लाव. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, लाव. छातीवर पांढरे डाग दिसले, लाव. दोन दिवसांत आराम पडतो, त्यामुळे नळीचा बोलबाला होतो. सिक रिपोर्टला उभे राहून सगळ्यांसमोर "कुठे खाजते" हे सांगण्याची वेळही टळते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या लेखात आपल्याला त्याच नळीचा अभ्यास करायचा आहे. ती वाईट आहे असे सांगायचा हेतू नाही. तिच्यात निदान दोन औषधे असतात, एक बुरशी मारणारे आणि दुसरे स्टिरॉइड. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. पण दोघांची कामे वेगळी आहेत, आणि काही बाबतीत ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. हे ज्याला कळले त्याला ती नळी कधी उपयोगी आणि कधी घातक, हे आपोआप कळेल.

बुरशी एकच नसते

जीवशास्त्राच्या पुस्तकात आपण यीस्ट, म्हणजे किण्व, ही एका पेशीची बुरशी वाचतो. पाव फुगवणारी सॅकरोमायसिस सगळ्यांना परीक्षेपुरती ठाऊक असते. तिच्या लांबच्या नात्यातल्या दोन यीस्ट आपल्या अंगावरच राहतात. एक कॅन्डिडा, ती पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात असते. दुसरी मॅलासेझिया, ती त्वचेच्या तेलावर जगते आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या त्वचेवर सापडते. एरवी या दोघी गप्प असतात. घाम, ऊब आणि घर्षण मिळाले की त्यांची संख्या वाढते आणि मग आपण म्हणतो, इन्फेक्शन झाले. म्हणजे यीस्टचा त्रास हा बऱ्याचदा बाहेरून आलेल्या शत्रूचा हल्ला नसतो. छावणीत आधीपासून असलेल्यांनीच केलेली ती गडबड असते. म्हणून नुसते औषध लावून भागत नाही. ज्या ओलाव्यामुळे गडबड झाली तो तसाच राहिला, तर नळी संपते आणि त्रास परत येतो.

तिसरा प्रकार यीस्ट नव्हे. आपण ज्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतो तो करणाऱ्या बुरशींना डर्मॅटोफाइट म्हणतात. त्या धाग्यांच्या रूपात वाढतात, त्वचा, केस आणि नखे यांतले केराटिन खातात, आणि टॉवेल, चड्डी, चादर यांच्यामार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. डॉर्मिटरीत पसरतो तो मुख्यतः हा नायटा.

हा भेद फक्त पुस्तकी नाही. १९५० साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूपासून निस्टॅटिन हे औषध शोधल्याचे जाहीर केले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. नमुन्यांच्या बाटल्या दोघींमध्ये चक्क टपालाने ये-जा करत. न्यूयॉर्क स्टेट या नावावरूनच 'निस्टॅटिन' हे नाव आले. हे औषध कॅन्डिडावर छान चालते, पण नायट्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. पुढे आलेले क्लोट्रिमाझोल दोघांवरही चालते. म्हणजे कोणती बुरशी आहे हे माहीत नसताना औषध लावणे हे अंधारात गोळी झाडण्यासारखे आहे. कधी लागते, कधी नाही.

ओळखायचे कसे? अंतिम निदान डॉक्टरांचे. पण वर्णन नीट करता आले तर त्यांचेही काम सोपे होते. कॅन्डिडाचा चट्टा घडीत बसतो. जांघ, बगल, छातीखालची घडी, बोटांच्या बेचक्या. तो लालभडक आणि ओलसर असतो, खाजेपेक्षा आग जास्त करतो आणि मोठ्या चट्ट्याभोवती सुटे सुटे लहान लाल पुरळ किंवा पूयुक्त फोड दिसतात. मुख्य तळाच्या बाहेर पेरलेल्या चौक्यांसारखे. मुलांमध्ये तो अंडकोषाच्या त्वचेवरही उतरतो. नायट्याचे तसे नसते. त्याला गोल, किंचित उंच, खवलेदार कडा असते, मधला भाग साफ होत जातो आणि कडा बाहेर सरकत राहते. जांघेतला नायटा मांडीवर पसरतो, पण अंडकोष बहुतेक वेळा सोडून देतो. मॅलासेझियाचे डाग, ज्यांना बरेच लोक शिबे म्हणतात, छाती, पाठ आणि खांद्यावर येतात. पांढरट किंवा तपकिरी. नखाने हलके खरवडले तर पिठासारखा बारीक कोंडा निघतो. खाज नावापुरती. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या मात्र फसव्या असतात: तिथे त्वचा पांढरी, भिजून फुगलेली दिसते, आणि कारण कॅन्डिडा, नायट्याची बुरशी, जिवाणू यांपैकी कोणतेही किंवा सगळी मिळून असू शकतात.

शंका असेल तर एक साधी, स्वस्त तपासणी आहे. चट्ट्याच्या कडेचे खवले बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्या अल्कलीत त्वचेच्या पेशी विरघळतात, बुरशीची भिंत टिकते. नायट्यात फांद्या फुटलेले, पडदे असलेले लांब धागे दिसतात. कॅन्डिडात कळ्या फुटणाऱ्या गोल पेशी आणि माळेसारखे धागे. मॅलासेझियात आखूड धागे आणि गोळ्यांचे घोस. पाश्चात्त्य पुस्तकांत त्या शेवटच्या दृश्याला त्यांच्या जेवणातली उपमा देतात. आपल्याला शेवया आणि बुंदी एका ताटात सांडल्या आहेत असे म्हणता येईल. अकरावीच्या प्रयोगशाळेत ज्या रसायनाला आपण नुसता क्षार म्हणून ओळखतो, ते त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज उपयोगी पडते.

स्टिरॉइड काय करते

१९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब आटोक्यात येते हे दाखवले. त्वचारोगांच्या उपचारात तो मोठा टप्पा होता, आणि आजही इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत स्टिरॉइडला पर्याय क्वचितच आहे.

स्टिरॉइडचे काम एका वाक्यात सांगायचे तर, ते शरीराचा प्रतिकार शांत करते. बुरशी वाढली की त्वचेतल्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. त्या धावपळीलाच आपण लाली, सूज, आग, खाज म्हणतो. स्टिरॉइड ते संदेश दाबते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि पांढऱ्या पेशींची धाव कमी करते. एक-दोन दिवसांत लाली ओसरते आणि रात्रीची झोप लागते.

आता विचार करा. पहाऱ्यावरचा जवान शिट्टी वाजवतो आहे, आणि त्या आवाजाने झोपमोड होते म्हणून आपण त्याची शिट्टी काढून घेतली. आवाज बंद झाला. कुंपणातून येणारा थांबला का? मिश्रण मलमात बुरशीनाशक औषध असते, त्यामुळे तो काही अंशी थांबतोही. पण बुरशीनाशकाला काम पुरे करायला आठवडे लागतात, स्टिरॉइडला दिवस. खाज थांबली की माणूस मलम बंद करतो. तेव्हा बुरशी अर्धमेली असते आणि तिच्याशी लढणारी फौज झोपवलेली असते. आठवड्याभरात चट्टा परत येतो, थोडा मोठा होऊन. मग पुन्हा तीच नळी, पुन्हा दोन दिवस आराम. हे चक्र तीन-चार वेळा फिरले की साधा दोन आठवड्यांचा आजार सहा महिन्यांचा होतो.

यात जागेचा प्रश्न आणखी वेगळा. त्वचा सगळीकडे सारखी जाड नसते. फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६७ साली मोजून पाहिले, की अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावले तर किती आत शिरते. हाताच्या कोपरापुढच्या आतल्या भागात जितके शिरते ते १ धरले, तर तळपायात सुमारे ०.१४, बगलेत ३.६, कपाळावर ६, जबड्याच्या कोनापाशी १३, आणि अंडकोषाच्या त्वचेत ४२. म्हणजे तळहातावर करकरीत दिसणारे बोटभर मलम जांघेत लावल्यावर वेगळेच औषध होते. शिवाय तिथे त्वचेवर त्वचा, वर घट्ट चड्डी, वर पी.टी.ची शॉर्ट्स, औषध झाकून ठेवल्यासारखे होते आणि आणखी आत जाते. तीव्र स्टिरॉइड अशा जागी आठवडे न् आठवडे लावले की त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट-लाल पट्टे पडतात. ते पुढे पांढरे होतात, पण जात नाहीत. विशीच्या आतल्या मुलाच्या मांडीवर असे पट्टे पाहून बाहेरच्याला वाटेल वजन घटल्याचे असतील. अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न मलमाचाच विचारतात. चेहऱ्यावर लावणाऱ्यांना मुरमे, लालसरपणा, बारीक लव वाढणे हे वेगळे. गोरेपणासाठी हीच नळी चेहऱ्याला लावणारेही आहेत, मुलगे आणि मुली दोघेही. त्यांनी वरचे आकडे पुन्हा वाचावेत.

मग मिश्रण मलम बनवतातच कशाला? कारण त्याची एक खरी जागा आहे. घडीतला कॅन्डिडा इतका चिघळला आहे की चालता येत नाही, त्वचा लाल मांसासारखी झाली आहे, आग सहन होत नाही. अशा वेळी डॉक्टर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य स्टिरॉइड आणि क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल यांचे मिश्रण थोडे दिवस, बहुधा आठवड्याच्या आत, देतात. आग शमली की स्टिरॉइड बंद, आणि नुसते बुरशीनाशक पुढे चालू. पुढे चालू हे शब्द महत्त्वाचे. कॅन्डिडाच्या चट्ट्यावर क्लोट्रिमाझोल साधारण दोन ते चार आठवडे, दिवसातून दोनदा लावावे लागते, चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस. थोडक्यात, मिश्रण ही पहिली काही पावले. पूर्ण मार्च नव्हे.

तीव्र स्टिरॉइड असलेल्या मिश्रणाबद्दल तर सावधगिरी त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच असते. अमेरिकेत क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथासोन यांचे मिश्रण नायट्यासाठी मंजूर आहे, पण १७ वर्षांखालच्यांना ते देऊ नये अशी शिफारस त्याच पत्रकात छापलेली असते, आणि जांघेत दोन आठवड्यांहून जास्त नको असेही. आपल्या शाळेतल्या बहुतेक मुलांचे वय किती, हे सांगायला नको.

छुपा नायटा आणि आपला देश

१९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी एक नवे नाव दिले: टिनिया इन्कॉग्निटो. म्हणजे वेश पालटलेला नायटा. स्टिरॉइड लावल्यामुळे ज्याची कडा पुसट झाली, खवले गेले, रूप बदलले, पण जो आत वाढतच राहिला. अशा त्वचेतून खवले काढून पाहिले तर बुरशीचे धागे बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्तच दिसतात. वरून शांत, आतून गजबजलेले.

हा नायटा आपल्या देशात गेल्या दशकात फार पसरला. एकेकाळी दोन आठवडे साध्या मलमाने बरा होणारा नायटा आता महिनोन्महिने हटत नाही, घरातल्या सगळ्यांना होतो, तरुण मुलांच्या चेहऱ्यापर्यंत जातो. स्टिरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून गेलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. तिच्यातल्या अनेक जाती टर्बिनाफिनला दाद देत नाहीत, कारण त्या औषधाचे लक्ष्य असलेल्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला असतो. भारताच्या नावाची बुरशी जगाच्या नकाशावर जावी, ही काही मिरवण्याची गोष्ट नाही.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टिरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमले. सरकारनेही पावले उचलली. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ औषधमिश्रणांवर बंदी घातली, कोर्टकज्जे झाले, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्यांत स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकाच नळीत कोंबलेली काही मलमेही होती. त्याच वर्षी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली गेली. कायदा आहे. तरी तालुक्याच्या गावी काउंटरवर जाऊन "खाजेचे काहीतरी द्या" म्हटले की काय मिळते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

नळी वाचायची कशी

नळीवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. नावापुढे प्लस, बी, जीएम अशी अक्षरे लागली की बहुतेक वेळा आत आणखी एखादे औषध आलेले असते, आणि ते बऱ्याचदा स्टिरॉइडच असते. बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, कीटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन, निस्टॅटिन ही बुरशीनाशके. हायड्रोकॉर्टिसोन, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडे. यातले पहिले सौम्य, शेवटचे सर्वांत तीव्र वर्गातले. शेवटी 'सोन' किंवा 'लोन' आले की कान टवकारा. 'झोल' आले की लगेच निर्धास्त होऊ नका. ऑर्निडाझोल हे 'झोल' आहे पण बुरशीनाशक नाही. ओफ्लोक्सासिन, जेंटामायसिन, निओमायसिन ही अँटिबायोटिक. ती बुरशीवर काहीच करत नाहीत. आणि एकाच नळीत चार औषधे दिसली, तर समजा की ती कोणा विशिष्ट आजारासाठी नाही, निदान न करता विकण्यासाठी बनवली आहे. हे माझे मत. पण ते असण्याला कारण आहे.

किती लावायचे? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, नळीतून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. जास्त थापल्याने लवकर गुण येत नाही. नायट्यात कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. लावण्याआधी जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. पूर्ण म्हणजे पूर्ण.

कोरडेपणाबद्दल थोडे विस्ताराने, कारण लष्करी शाळेत खरी लढाई इथेच आहे. व्हिएतनाम युद्धात मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात लढणाऱ्या अमेरिकेच्या नवव्या इन्फंट्री डिव्हिजनला भाताच्या खाचरांत दिवसेंदिवस चालावे लागे. नायटा, जिवाणूंचे फोड आणि पाण्याने भिजून सुजलेले पाय यांनी रायफल कंपन्यांतली एवढी माणसे आजारी पडू लागली की १९६८ साली डिव्हिजनने नियम केला: पाणथळ जमिनीत सलग ४८ तासांपेक्षा जास्त मोहीम नाही आणि त्यानंतर २४ तास पाय सुकवायला. जगातली सगळ्यांत सधन सेना, हवी ती औषधे हाताशी; तरी तिच्या कमांडरला शेवटी वेळापत्रक बदलावे लागले.

आपले खाचर म्हणजे सकाळच्या पी.टी.नंतरचे घामेजलेले मोजे तसेच घालून केलेला नाश्ता, आणि मैदानावरून आल्यावर लॉकरमध्ये कोंबलेला ओला किट. मोजे दिवसातून दोनदा बदलावेत. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्यांत टॉवेलचे टोक घालून पुसावे; बूट चढवायची घाई असते, पण हा अर्ध्या मिनिटाचा मामला आहे. आतले कपडे सैल, सुती. पावसात कपडे वाळत नाहीत ही तक्रार खरी आहे; अशा वेळी चड्डी आणि मोजे आतून-बाहेरून इस्त्री करून घ्यावेत. टॉवेल, चड्डी, पी.टी. शॉर्ट्स कोणाचे घेऊ नयेत, देऊ नयेत. दोस्ती दाखवायच्या इतर जागा पुष्कळ आहेत. घडीत सुगंधी पावडर भरपूर टाकली की घामाने तिचा चिखल होतो, तोही त्रासच देतो. लिंबू, तुरटी, टूथपेस्ट यांचे प्रयोग डॉर्मिटरीत रात्री चालतात असे कानावर येते. सोललेल्या त्वचेवर ते भाजतात, बरे काही करत नाहीत.

शिब्यांसाठी स्टिरॉइडची मुळीच गरज नसते. डॉक्टर कीटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू अंगाला लावायला देतात. मात्र बुरशी गेली तरी पांढरे डाग रंगायला महिने लागतात. ते दिसतात म्हणून औषध फसले असे समजून नवी नळी आणू नये.

बारावीच्या मुलांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. एन.डी.ए.च्या लेखी परीक्षेनंतर मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. त्यात अंगावरची त्वचाही बघतात. चट्टा दिसू नये म्हणून आदल्या आठवड्यात तीव्र मलम चोळणे हा मोह मोठा असतो, आणि ते एक दिवस दबतेही. पण तपासणीच्या दिवशी पुसट झालेला चट्टा पुढे अकादमीच्या पहिल्या सत्रात, घामात आणि चिखलात, दुप्पट होऊन उठतो. तिथे सुट्टी मागणे किती अवघड असते ते जे गेले आहेत त्यांना विचारा. उपचाराला चार आठवडे लागतात. तेव्हा तारीख कळण्याची वाट न पाहता आधीच एम. आय. रूममध्ये जा. आणि नायटा किंवा कॅन्डिडा पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टर रक्तातली साखर तपासायला सांगतील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मधुमेहात यीस्ट वाढते म्हणून ती पाहिली जाते.

काही वाचकांच्या लॉकरमध्ये ती नळी आत्ताही असेल आणि कदाचित महिनोन्महिने लावून झाली असेल. अशांनी आज ठरवून ती एकदम फेकून देऊ नये, आणि लावत तर मुळीच राहू नये; डॉक्टरांना दाखवावी. तीव्र स्टिरॉइड खूप दिवस लावून बंद केले की पहिल्या काही दिवसांत लाली आणि आग उसळून येते. त्या वेळी पुष्कळजण घाबरून परत तीच नळी उघडतात. ती उसळी येणार हे आधी माहीत असले आणि हाताशी योग्य बुरशीनाशक असले, खाजेसाठी रात्री घ्यायची गोळी डॉक्टरांनी दिलेली असली, तर ते दिवस निघतात. एम. आय. रूममध्ये जाताना नळी सोबत न्या, रिकामी झाली असली तरी. किती दिवस लावली, कुठे लावली, आणखी कोणी लावली, हे तिथे खरे सांगा. कोणाकडून आली ते सांगितले नाही तरी चालेल. डॉक्टरांना ते नको असते. त्यांना मागच्या बाजूची ती बारीक अक्षरे वाचायची असतात, म्हणून नळी दुमडताना तेवढा भाग फाटू देऊ नका.